वासावर भागत नाही

वॉशिंग्टनमध्ये ६ जानेवारी २००६ च्या रात्री एक गृहस्थ घराजवळच्या फुटपाथवर पडलेले आढळले. वय ६३. नाव डेव्हिड रोझेनबॉम. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बहुतेक कारकीर्द घालवून नुकतेच निवृत्त झालेले पत्रकार. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला बाहेर पडले असताना लुटारूंनी त्यांच्या डोक्यात पाइप हाणला होता. मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांचं मात्र डोक्याकडे लक्ष गेलं नाही. त्यांना दिसली उलटी आणि जाणवला दारूचा वास. ‘प्यायलाय’ हे निदान जागच्या जागी झालं आणि तिथून पुढे प्रत्येकाचाच हात सैल पडला. जवळचं रुग्णालय सोडून रुग्णवाहिका लांबच्या रुग्णालयात गेली, तिथे त्यांना व्हरांड्यात ठेवलं गेलं, आणि मेंदूला मार बसलाय हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत बराच वेळ निघून गेला. ८ जानेवारीला ते गेले. शहराच्या महानिरीक्षकांनी त्याच वर्षी दिलेल्या अहवालात अग्निशमन दल, रुग्णवाहिका, पोलीस, रुग्णालय अशा साऱ्या साखळीवर ताशेरे ओढलेले आहेत. कुटुंबाने शहरावर दोन कोटी डॉलरचा दावा लावला होता. आपत्कालीन सेवा सुधारण्याच्या अटीवर त्यांनी तो मागे घेतला.

असे रुग्ण आपल्याकडच्या कॅज्युअल्टीतही येतात. त्यांच्यावर अहवाल निघत नाहीत, एवढाच फरक. रात्री दीड-दोनला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारात थांबते. स्ट्रेचरवर पन्नाशीतला माणूस. शर्टावर उलटी, जीभ जड, सलाईन लावायला गेलं की हात झटकतो, मध्येच शिव्या घालतो. वॉर्डबॉय तोंड फिरवतो. इंटर्न केसपेपरवर ‘तोंडाला दारूचा वास’ असं लिहितो. आणि कुणीतरी म्हणतं, “राहू दे त्याला तिकडे. उतरली की बोलेल.”

हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो, म्हणूनच तो घातक आहे. कारण तसंच बरळणारा, तसाच झटकणारा माणूस रक्तातली साखर ३०-४० मिलिग्रॅमपर्यंत उतरल्यामुळेही तसा वागतो. डोक्यात रक्तस्राव होत असला तरी तसाच वागतो. फिट येऊन गेल्यानंतरच्या गुंगीत, पक्षाघातात, मेंदूज्वरात, सोडियम उतरल्यावर, यकृत निकामी होत आल्यावर चित्र फारसं वेगळं नसतं. मधुमेह हाताबाहेर गेला की श्वासाला येणारा ॲसिटोनचा गोडसर वास घाईत दारूचा वाटू शकतो. त्यातही वाईट योग असा की दारू आणि दुसरं कारण एकाच माणसात नांदतात. उपाशीपोटी प्यायलेल्याची साखर दारूच उतरवते, कारण यकृताचं नवी साखर बनवण्याचं काम ती अडवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू आक्रसतो, कवटीखालच्या बारीक शिरा ताणल्या जातात, यकृत थकल्यामुळे रक्त गोठत नाही. असा माणूस मोरीत घसरून पडला तरी कवटीखाली रक्त साचू शकतं.

म्हणजे वास खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असं नाही.

रक्तातल्या अल्कोहोलची झटपट चाचणी या ठिकाणी उपयोगी पडते, पण लोक समजतात त्याच्या उलट बाजूने. ‘प्यायलाय’ हे सिद्ध करणं हे तिचं मोठं काम नव्हे. ते नाकानेही कळतं. तिचं खरं मोल आकडा कमी येतो तेव्हा आहे. माणूस हाकेला ओ देत नाही आणि रक्तात अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅम, हे गणित जुळत नाही. एवढ्या दारूने कुणी असा पडत नाही. तिथून पुढे डॉक्टरला स्वस्थ बसता येत नाही. सीटी स्कॅन, साखर, क्षार, मूत्रपिंड, सगळं तपासावं लागतं. आकडा ३०० आला तर गुंगीचं एक कारण सापडलं, इतकंच. दुसरं कारण नाही असं तो आकडा कधीच सांगत नाही, आणि ही गोष्ट तपासणी-यंत्र विकणारे सहसा बोलत नाहीत.

हा आकडा माणसाच्या हाती येऊन फार काळ झालेला नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या एरिक विडमार्क यांनी १९२२ साली रक्तातलं अल्कोहोल मोजण्याची सूक्ष्म पद्धत प्रसिद्ध केली. बोटाच्या टोकाला टोचून निघणारं, जेमतेम १०० मिलिग्रॅम वजनाचं रक्त त्यांना पुरत असे. काचेच्या छोट्या चंबूच्या बुचाला आतून एक इवलीशी वाटी टांगलेली, त्या वाटीत रक्त. तळाशी गंधकाम्ल आणि पिवळं डायक्रोमेट. चंबू कोमट पाण्यात ठेवला की अल्कोहोल वाटीतून उडून खाली उतरे आणि डायक्रोमेटशी त्याची प्रक्रिया होई. उरलेलं डायक्रोमेट मोजलं की अल्कोहोल किती होतं ते कळे. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे रोला हार्गर यांनी फुग्यात फुंकायला लावणारं ‘ड्रंकोमीटर’ आणलं, आणि १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी ‘ब्रेथलायझर’. श्वासातून रक्ताचा अंदाज बांधताना २१०० मिलिलिटर श्वासात एक मिलिलिटर रक्ताइतकं अल्कोहोल धरलं जातं. ही सरासरी आहे. माणसामाणसात ती बदलते.

या साऱ्या यंत्रांचा रोख रस्त्यावर होता, खाटेवरच्या रुग्णावर नव्हता. आपल्याकडेही या तपासणीचा जन्म पोलीस ठाण्यात झाला आणि तिथला शिक्का तिच्यावर आजतागायत आहे.

मुंबईत १९५१ साली एका जीपने तिघांना धडक दिली. चालवणारे गृहस्थ होते खुद्द शहराचे प्रादेशिक परिवहन अधिकारी. तोंडाला दारूचा वास होता. दारूबंदी कायदा नुकताच आलेला. त्यांनी बचाव केला की आपण दारू घेतलेली नाही, अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि दारूबंदीखालची शिक्षा टिकली नाही. पुढे १९५९ मध्ये रक्ततपासणीचे सविस्तर नियम झाले आणि रक्तात ०.०५ टक्के ही रेषा कायद्याने आखली. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमातली मर्यादा आणखी खाली, १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. २०१९ च्या दुरुस्तीने श्वासाच्या यंत्राबरोबर प्रयोगशाळेतली तपासणीही त्यात स्पष्टपणे घातली. १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका अपघात खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वास, अडखळती चाल, तुटक बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यायला होता असा ठाम निष्कर्ष निघत नाही. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने एका विमा दाव्यात वेगळी बाजू दाखवली: रक्ततपासणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून मद्यपान सिद्ध होऊ शकतं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेला ‘वास’ हा शब्द कित्येक वर्षांनंतर कुणाच्या विम्याचा निकाल फिरवू शकतो, हे कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला कुणी सांगत नाही.

आता कॅज्युअल्टीत प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. हवालदार ‘यादी’, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, घेऊन येतो. डॉक्टर चाल, बोलणं, डोळे, कपडे तपासतात आणि रक्त काढतात. १९५९ चे नियम याबाबतीत कमालीचे काटेकोर आहेत: किमान ५ सीसी रक्त, त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसलेली, आणि कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नाही. ही शेवटची अट दिसते सोपी. पण शीर शोधण्याआधी हात आपोआप स्पिरिटच्या बोळ्याकडे जातो, आणि हजारो वेळा केलेली ती हालचाल रोखायला नर्सला मुद्दाम थांबावं लागतं. रक्त ज्या बाटलीत भरतात तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं, साखरेच्या तपासणीला वापरतात तेच. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही आणि फ्लोराइड जंतूंना आवर घालतं. नाहीतर बाटलीतल्या बाटलीत साखरेचं अल्कोहोल होऊ शकतं आणि न प्यायलेला माणूस कागदावर प्यायलेला ठरतो. मग बाटली जोरात हलवायची, लेबल, लाख, मोहर, ‘ब’ नमुन्यातलं पत्र आणि रवानगी मुंबईतल्या कलिना, पुणे, नागपूर किंवा दुसऱ्या एखाद्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे.

तिथून उत्तर यायला बहुतेकदा आठवडे जातात, आणि ते येतं पोलिसांकडे. ज्या रुग्णाच्या दंडातून ते रक्त निघालं त्याच्या उपचाराला त्या आकड्याचा काडीचाही उपयोग होत नाही. तोवर तो बरा होऊन घरी गेलेला असतो, नाहीतर गेलेला असतो. महाराष्ट्रातल्या असंख्य सरकारी रुग्णालयांत अल्कोहोलसाठी रक्त काढण्याची पद्धत साठ वर्षांहून जुनी आहे. तो आकडा खाटेपाशी, त्याच रात्री, उपचार करणाऱ्याला कळावा ही व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणी नाही. प्रस्तुत विषयाचा सारा जीव या एका विसंगतीत आहे.

न्यायालयाच्या कामालाही ती बाटली दर वेळी उपयोगी पडते असं नाही. वांद्र्यातल्या २००२ च्या गाजलेल्या अपघात खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली आरोपी अभिनेत्याची सुटका केली, तेव्हा रक्त कसं घेतलं, कुठे ठेवलं, कसं पाठवलं यातल्या त्रुटींवर बोट ठेवलं होतं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचं रक्त ससून रुग्णालयात घेतलं गेलं तोवर सकाळचे अकरा वाजत आले होते, आणि तो नमुनाही बदलला गेल्याचा पोलिसांचा आरोप आहे; त्यात डॉक्टरांना अटक झाली. नमुना बदलण्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी घड्याळ उरतंच. शरीर साधारण तासाला १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने रक्तातलं अल्कोहोल संपवतं, रोज पिणाऱ्याचं त्याहूनही भराभर. आठ तासांत १२० ते १६० मिलिग्रॅम नाहीसं होतं. उशिरा घेतलेला खराखुरा नमुनासुद्धा निर्दोष दिसू शकतो.

खाटेपाशी लगेच आकडा मिळवण्याचे मार्ग तीन. पहिला, श्वासाचा. आत प्लॅटिनमचे पत्रे असलेल्या छोट्या सेलमध्ये श्वासातल्या अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होऊन वीज निर्माण होते आणि तिच्यावरून आकडा काढला जातो. काही सेकंदांचं काम, खर्च किरकोळ. पण नुकतीच उलटी झाली असेल तर तोंडातलं अल्कोहोल आकडा फुगवतं, म्हणून पंधरा मिनिटं थांबावं लागतं. आणि ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे, त्या बेशुद्ध माणसाला फुंकता येत नाही. दुसरा मार्ग लाळेच्या पट्टीचा. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, पट्टीवर दाबायचा, दोनेक मिनिटांत रंग बदलतो. यातून नेमका आकडा मिळत नाही, अंदाजाचा टप्पा मिळतो, पण ‘अजिबात नाही’ आणि ‘भरपूर’ यातला फरक कळायला तो पुरतो. तोंड कोरडं पडलेल्या किंवा रक्ताने भरलेल्या रुग्णात तोही हुकतो.

तिसरा मार्ग रुग्णालयाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा. यकृतात अल्कोहोल फोडणारं जे विकर असतं तेच यंत्रात वापरतात. प्रक्रियेत तयार होणारा एनएडीएच ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजला जातो. साखर, क्रिएटिनिन करणारी बरीचशी स्वयंचलित यंत्रं योग्य रसायन घातलं तर हेही करू शकतात, तासाभरात. या आकड्याकडे बघताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. हे मोजमाप रक्ताच्या सिरमचं असतं आणि सिरममध्ये पाणी जास्त असल्याने आकडा अख्ख्या रक्तापेक्षा सरासरी १४ टक्क्यांनी चढा येतो. सिरममध्ये ३४ आले म्हणजे रक्तात ३०. कायद्याची रेषा रक्तावर आखलेली असल्यामुळे उपचारासाठी काढलेला आकडा उचलून कुणी आरोपपत्राला जोडला तर अन्याय होऊ शकतो. दुसरं म्हणजे मोठ्या दुखापतीत, शॉकमध्ये रक्तातलं लॅक्टेट आणि एलडीएच हे विकर दोन्ही चढलेले असतात, आणि तेव्हा क्वचित न प्यायलेल्या माणसातही हे यंत्र थोडं अल्कोहोल दाखवतं. न्यायसहायक प्रयोगशाळा गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात त्याचं हे एक कारण. वैद्याचा आकडा चटकन हवा, कोर्टाचा आकडा पक्का हवा. दोघांसाठी एकच बाटली पुरेल ही आशा सोडून दिलेली बरी.

आकडा हाती आल्यावरही तो वाचावा लागतो. कधीमधी पिणारा १५० ला लटपटतो, तर वर्षानुवर्षं पिणारा ३५० घेऊन डॉक्टरांशी हुज्जत घालतो. त्या दुसऱ्या माणसाला सकाळपर्यंत १०० वर येऊ दिलं तर त्याला हात थरथरणं, भास, फिट असा वेगळाच त्रास सुरू होऊ शकतो. डोक्याला मार लागलेल्यांपैकी कुणाचा सीटी काढावा हे ठरवणारे जे निकष २००० साली न्यू ऑर्लिन्समध्ये तयार झाले, त्यात ‘नशेत असणं’ हेच सीटी काढण्याचं एक कारण धरलं आहे. मानेच्या मणक्यासाठीच्या ‘नेक्सस’ निकषांतही नशेतल्या माणसाची मान नुसती दाबून ‘ठीक आहे’ म्हणायला मनाई आहे. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. प्यायलेला म्हणून तपासणी लांबते.

लहान मुलांच्या बाबतीत तर वासाचाही भरवसा नाही, कारण तशी शंका कुणाच्या मनातच येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ ला पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं रुग्णालयात नेली गेली आणि वाचली. मुलांत अल्कोहोलने साखर झपाट्याने उतरते. अशा वेळी ग्लुकोमीटर आणि लाळेची पट्टी शेजारी शेजारी असणं ही चैन नव्हे.

या तपासणीची सर्वांत मोठी मर्यादा महाराष्ट्राने फार महाग किमतीत शिकून घेतली आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. २००४ मध्ये विक्रोळीतही असंच झालं होतं. गुजरातेत बोटाड २०२२, तामिळनाडूत कल्लकुरिची २०२४. गावं बदलतात, रसायन तेच, मिथेनॉल. विकरावर चालणारी नेहमीची अल्कोहोल तपासणी मिथेनॉल ओळखतच नाही. अशा माणसाचा आकडा शून्याच्या आसपास येतो आणि डॉक्टर निर्धास्त होतात. इकडे यकृत मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल करत असतं. बारा ते चोवीस तासांनी पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढे धुकं. ‘प्यायलेला दिसतो, तपासणीत मात्र दारू नाही’ हा निकाल म्हणूनच घरी पाठवण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट रक्ताची आम्लता तपासण्याचा तो इशारा आहे. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, मोजणारं यंत्र असेल तर हिशेबाने येणारा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा यातली तफावत मिथेनॉलचा माग देते, पण लवकर आलेल्या रुग्णात. उशीर झाला की तीही मिटते.

आणि गंमत पाहा, मिथेनॉलवर उतारा आहे साधी दारू. फोमेपिझोल हे औषध आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डायलिसिसची सोय होईपर्यंत रुग्णाला शिरेतून किंवा नळीवाटे इथेनॉल देतात. यकृताचं विकर इथेनॉलला आधी धरतं आणि मिथेनॉल तसंच राहतं. त्यासाठी रक्तातलं इथेनॉल १०० ते १५० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात अडकवून ठेवावं लागतं. खाली गेलं की विष पुढे सरकतं, फार वर गेलं की श्वास मंदावतो. दर काही तासांनी अल्कोहोल मोजणं इथे औषधाच्या मात्रेइतकंच आवश्यक असतं. सीलबंद बाटली कलिन्याला पाठवून हे काम होण्यासारखं नाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि रुग्णालयांच्या अधीक्षकांना म्हणून सांगणं थोडं आहे. प्रत्येक कॅज्युअल्टीत ग्लुकोमीटरशेजारी श्वासाचं एक यंत्र आणि लाळेच्या पट्ट्यांचा डबा असावा. पोलिसांसाठीचं रक्त नियमाप्रमाणे वेगळं निघावं आणि उपचारासाठीचं वेगळं. केसपेपरवर ‘वास’ लिहिला तर त्याखाली साखर, बाहुल्या, शुद्धीची पातळी दाखवणारा अंक आणि वेळ लिहिल्याशिवाय सही होऊ नये, आणि दर तासाला तो अंक पुन्हा लिहावा. दोन-तीन तासांत शुद्ध सुधारली नाही तर आकडा कितीही असो, सीटी व्हावा.

आणि रुग्णासोबत आलेल्यांना एक विनंती. तो केव्हापासून पितोय, काय प्यायला, ते कुठून आणलेलं होतं, त्याच्याबरोबर आणखी कोण बसलं होतं आणि तो कुठे पडला का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. पोलिसांच्या भीतीने किंवा चारचौघांतल्या लाजेने हे दडवलं, तर वर सांगितलेल्यापैकी कुठलीही चाचणी ती कसर भरून काढू शकत नाही.